घंटा नसलेला महिना

आगमनकाळ लागायच्या आदल्या दिवशी
चौघांनी मिळून घंटा खाली उतरवली.
तडा गेला होता तिला, ओठापासून वीतभर.
भाताच्या पिंजरात गुंडाळून, बाळंतिणीसारखी जपत
टेम्पोतून उद्यमबागच्या फौंड्रीत नेली.
नाताळापर्यंत बघूया की, म्हणाला फौंड्रीवाला.
बघूया म्हणजे काय, ते बेळगावात
लहान पोरालाही कळतं.

मी इनास.
एकतीस वर्षं पहाटे साडेपाचला
या दोराला लोंबकळणारा माणूस.
दुसऱ्या दिवशीही जाग आलीच, हातांना कोण सांगणार?
गेलो. दोर होता तसाच,
वर नुसतं आभाळाचं भोक.
ओढला.
चार पाकोळ्या उडाल्या, बाकी काही नाही.

शांतता म्हणतात ती कुठली?
डोक्यात खानापूरचा आठवडी बाजार भरलेला.
भावानं बांध कोरला, त्याचा हिशेब.
पास्कूनं दुबईहून फोन न केलेल्या दिवसांचा हिशेब.
रेशनकार्डावर कन्नडमध्ये चुकलेलं माझं नाव,
ते दुरुस्त करायला घातलेले सात हेलपाटे.
घंटेच्या आवाजाखाली हे सगळं
इतकी वर्षं कसं झाकून राहिलं होतं?

दुसऱ्या रविवारी मात्र लागलं मनाला.
घंटा नव्हती, तरी माणसं मिस्साला आली.
सेरावीनबाय काठी टेकत सगळ्यांच्या आधी.
"कशी उठलीस गो, घंटेबिगर?"
"म्हातारीला झोप असतीय व्हय रे?"
असं म्हणून आत गेली,
आणि मी दारात उभा,
बदली न लागता बदलला गेलेला.

त्याच आठवड्यात विहिरीचा गाळ काढला.
पाणी तांबडंलाल, चहाही मातीचा.
रोझालीननं निवळीचं बी
घागरीच्या आत घासलं, वर ताटली ठेवली.
मी दर दहा मिनिटांनी ताटली उचलून बघायचो,
घागर जरा हलवून बघायचो.
"बघून निवळतंय होय पाणी?
हात काढ आधी तुझा."

तिसरा रविवार. गुलाबी मेणबत्तीचा.
सुरूच्या फांद्यांच्या चक्रात दोन जांभळ्या आधीच अर्ध्या झालेल्या.
बाहेर मसुरीच्या रानावर धुकं,
वीटभट्टीचा धूर सरळ वर, जराही न वाकता.
मी दोर धरला. ओढला नाही.
लोंढ्याकडे मालगाडी गेली, डबे मोजले, अठ्ठेचाळीस.
मग तीही संपली.
मग मोजायला काही उरलं नाही.

आणि तिथं, उघड्या डोळ्यांनी, मला दिसलं:
एकतीस वर्षं मी गावाला या, या म्हणत आलो,
आणि घंटा थांबली की
मागच्या दारानं विडी ओढायला जात आलो.
प्रवचन संपता संपता परत.
सगळ्यांना बोलावलं.
मीच तेवढा आलो नव्हतो.

दोराचं दुसरं टोक कुणी धरलं होतं
असं मी म्हणणार नाही. तसलं काही झालं नाही.
पण दोर हलका लागला नाही हाताला.
आणि इतकं कळलं, की येणारा जो आहे
तो माझ्या टोल्यांवर पावलं टाकत नव्हता.
विडी खिशातच राहिली.
मी आत गेलो, सेरावीनबायच्या मागच्या बाकावर बसलो.
गुडघे वाजले. कुणी वळून बघितलं नाही.

बांधाचं म्हणाल, तर तो कोरलेलाच आहे अजून.
भावाशी बोलणं एवढंच, की भट्टीजवळ
त्यानं मान हलवली, मीही हलवली.
पास्कूला फोन मीच लावला.
लागला नाही. उद्या लावीन.

काल फौंड्रीतून निरोप आला:
तयार आहे, टेम्पो पाठवा.
माझ्या तोंडून निघून गेलं, घाई नाही ओ.
पलीकडे तो गप्प.
मीही गप्प.
मग लाज वाटून म्हटलं,
पाठवतो की, पाठवतो.